ध्वनीच्या वाटेने वीज : हेडफोनच्या जॅकमधून मायक्रोकंट्रोलर चालविण्याच्या प्रयोगाची पूर्वपीठिका व परिणती

१. प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण या गावाचे नाव आज हिंजवडीच्या जोडीने घेतले जाते. राजीव गांधी इन्फोटेक पार्क या उद्योगनगरीचा बराचसा विस्तार माणच्या शिवारात झालेला असून केपीआयटी या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालयही माण येथेच आहे. मोटारगाड्यांतील मायक्रोकंट्रोलरांवर चालणाऱ्या प्रणाली रचणे हे या कंपनीचे प्रमुख कार्य होय. उभ्या गाडीतील नियंत्रक रात्रभर किती मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे बॅटरी किती दिवसांत उतरते, हा प्रश्न अशा कार्यात नित्याचा असतो. विजेचा हिशेब येथे वॅटच्या सहस्रांशात आणि लक्षांशात केला जातो.

त्याच मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात विजेचा अगदी वेगळ्या मापाचा इतिहास घडलेला आहे. निळा-मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ मध्ये पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट यांच्या पुढाकाराने मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले. त्याचे पाणी सह्याद्री उतरून कोकणातील भिरा येथील वीजगृहात जाऊ लागले आणि १९२७ पासून तेथील वीज मुंबईच्या कामी आली. माण हे बुडालेल्या गावांपैकी नव्हे. परंतु वीज निर्माण होते कोठे, वापरली जाते कोठे आणि तिच्यावर अधिकार कोणाचा, हे प्रश्न या तालुक्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत.

प्रस्तुत निबंधाचा विषय मापाने अत्यल्प विजेचा आहे. मोबाइल फोनच्या हेडफोनच्या जॅकमधून मिळणाऱ्या काही मिलिवॅट शक्तीवर मायक्रोकंट्रोलर चालविण्याचे प्रयोग २०१० च्या सुमारास यशस्वी झाले, त्यावर काही काळ उपकरणे व व्यवसायही उभे राहिले, आणि एका दशकाच्या आतच तो मार्ग मागे पडू लागला. तांत्रिक वाङ्मयात या प्रकरणाची नोंद बहुधा चतुर युक्ती म्हणून होते. परंतु अधिकाराचा जो प्रश्न मुळशीच्या मेगावॅटांच्या संदर्भात विचारला गेला, तोच येथील मिलिवॅटांच्या संदर्भातही उपस्थित होतो, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ध्वनिवाहक तारेतून वीज मिळविण्याची परंपरा दूरध्वनीपासून पाहिली पाहिजे.

२. दूरध्वनीची तार आणि केंद्राची बॅटरी

मुंबईत दूरध्वनी-केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. त्या काळच्या दूरध्वनियंत्रात बोलण्याच्या तबकडीमागे कार्बनचे कण असत. आवाजाच्या दाबाने त्यांचा रोध बदले आणि प्रवाहात तदनुसार चढउतार होत. हा प्रवाह पुरविण्यासाठी प्रत्येक ग्राहकाच्या घरी लेक्लांशे प्रकारचे विद्युत्घट ठेवावे लागत. घट सुकले की आवाज क्षीण होई आणि ते बदलण्यासाठी माणूस पाठवावा लागे. ग्राहकांची संख्या वाढत गेली तशी ही व्यवस्था गैरसोयीची ठरली. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मध्यवर्ती बॅटरीची पद्धत आली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. केंद्रातील सुमारे ४८ व्होल्टच्या बॅटरीतून निघालेला एकदिश प्रवाह आणि बोलण्याचा प्रत्यावर्ती प्रवाह हे दोन्ही एकाच दोन तारांच्या जोडीवरून वाहू लागले. त्यांना विलग करण्याचे काम वेटोळी व धारित्रे करीत.

एकाच तारेवरून वीज व ध्वनी एकत्र नेण्याचे तत्त्व येथे प्रथम व्यापक प्रमाणात स्थिरावले. त्याचा सामाजिक परिणाम महाराष्ट्रातील जुन्या ग्राहकांच्या परिचयाचा आहे. घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही, कारण त्याची वीज घरच्या मीटरमधून येत नसे. पुढे बटणांचा दूरध्वनी आला, तेव्हा आकडे फिरविण्याचे व क्रमांक लक्षात ठेवण्याचे काम करणारी अर्धसंवाहक चकतीसुद्धा याच तारेवरील प्रवाहावर चालली. ध्वनीच्या तारेतून उसनी घेतलेल्या विजेवर अंकीय मंडल चालविणे ही कल्पना या दृष्टीने मोबाइल फोनहून जुनी आहे.

मात्र ही वीज मुक्त नव्हती. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली दूरसंचाराचा एकाधिकार सरकारकडे होता. मुंबईची दूरध्वनी-व्यवस्था प्रथम परवानाधारक कंपनीकडे होती व १९४३ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. तारेच्या टोकाला कोणते यंत्र जोडावे हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाला नव्हता. यंत्र खात्याचेच असे. ग्राहकाच्या बाजूच्या उपकरणांचे उत्पादन खाजगी क्षेत्राला खुले झाले ते १९८४ मध्ये. अमेरिकेतही असाच वाद झाला होता. तेथे १९५६ च्या हश-ए-फोन प्रकरणात आणि १९६८ च्या कार्टरफोन प्रकरणात, जाळ्याला अपाय न करणारे परके उपकरण जोडण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य झाला. तात्पर्य, तारेत वीज असणे व ती घेण्याची मुभा असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

३. बॅटरीवाचून ऐकणे : क्रिस्टल-सेटचा काळ

दुसरी परंपरा नभोवाणीची आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती. निर्वात नळ्यांचे सेट महाग असल्यामुळे प्रारंभीच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांची भिस्त क्रिस्टल-सेटवर असे. आकाशतार, वेटोळे, गॅलिनासारख्या खनिजाचा खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानाला लावावयाचा उच्च रोधाचा हेडफोन एवढीच त्याची सामग्री. त्यात बॅटरी नव्हती. हेडफोनची पातळ चकती हलविणारी सगळी शक्ती प्रक्षेपकाकडून लहरींवाटे आलेली असे. म्हणूनच अशा सेटचा पल्ला केंद्राच्या आसपासच्या प्रदेशापुरता मर्यादित राही.

क्रिस्टलचे कार्य एकदिशीकरणाचे होते. लहरींच्या दोन्ही दिशांनी हेलकावणाऱ्या प्रवाहातील एक बाजू तो जाऊ देई व दुसरी अडवी. गॅलिनाच्या अशा उपयोगासंबंधी जगदीशचंद्र बसू यांना अमेरिकेत १९०४ मध्ये एकस्व मिळाले होते, ही गोष्ट भारतीय विज्ञानाच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की, दुबळ्या प्रत्यावर्ती प्रवाहातून एकदिशकारकाच्या साहाय्याने उपयोगी शक्ती काढता येते, याचा प्रत्यय मुंबईच्या श्रोत्यांनी प्रत्यक्ष कानाने घेतला होता. त्या श्रोत्यांना सेट बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. लहरीतील शक्ती मोजली जात नसे. परवाना ऐकण्याचा होता.

४. जॅकचे रूपांतर

ज्या छिद्रातून पुढे वीज घेतली गेली, ते छिद्रही दूरध्वनी-केंद्रातूनच आलेले आहे. ग्राहकांच्या तारा हाताने जोडणाऱ्या फळ्यांसाठी शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नर याने १८७९-८० च्या सुमारास जी जोडणी सिद्ध केली, ती खिशातील चाकूसारखी दिसे. तीवरून ‘जॅक’ हे नाव रूढ झाले असे मानले जाते. पाव इंच जाडीचा तो प्लग संगीताच्या यंत्रांत अद्यापही टिकून आहे. ट्रान्झिस्टरच्या काळात त्याची साडेतीन मिलिमीटर जाडीची लहान आवृत्ती आली आणि सोनी कंपनीच्या १९७९ च्या वॉकमननंतर ती जगभर सर्वपरिचित झाली.

मोबाइल फोनमध्ये या प्लगला तीनऐवजी चार कडी आली. डावा कान, उजवा कान, सामाईक तार आणि मायक्रोफोन. यांपैकी मायक्रोफोनची तार विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेल्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनात एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि तो चालविण्यासाठी थोडा एकदिश दाब लागतो. त्यामुळे फोन या तारेवर सुमारे दोन व्होल्टचा दाब दोनएक हजार ओहम रोधातून सतत पुरवितो. ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या मायक्रोफोनांना ४८ व्होल्ट पुरविण्याची जी ‘फँटम’ पद्धत १९६६ नंतर रूढ झाली, तिचेच हे धाकटे भावंड होय. आणि दोघांचीही वंशावळ दूरध्वनीच्या मध्यवर्ती बॅटरीशी विचाराच्या नात्याने जुळते.

याच हेडफोनच्या तारेला आणखी एक काम भारतात विशेष प्रमाणात मिळाले. मोबाइलमधील एफएम रेडिओला स्वतंत्र आकाशतार नसते. हेडफोनची तारच आकाशतारेचे काम करते. १०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची पाव लांबी ७५ सेंटिमीटर भरते आणि हेडफोनची तार त्याहून थोडी अधिक लांब असते, म्हणून हे शक्य होते. रेडिओ लावण्यासाठी हेडफोन खुपसून आवाज मात्र फोनच्या कर्ण्यावर ऐकणारा श्रोता महाराष्ट्राच्या शेतांत व एसटीच्या थांब्यांवर सर्रास दिसे. एकच छिद्र ध्वनी बाहेर नेते, बोलणे आत आणते, लहरी पकडते आणि मायक्रोफोनला वीज पुरविते. त्यातून मायक्रोकंट्रोलरलाही वीज मिळेल काय, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर उपस्थित झाला.

५. दोन प्रवाहांची गाठ : मिशिगनचा प्रयोग

या प्रश्नाला उत्तर मिळण्यापूर्वी मायक्रोकंट्रोलरची भूक कमी होणे आवश्यक होते. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्याच्यावर कित्येक पिढ्या शिकल्या, तो इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० चा. त्याची मूळ आवृत्ती पाच व्होल्टवर कमाल सव्वाशे मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेई. म्हणजे सुमारे ६०० मिलिवॅट. पुढे सीमॉस पद्धतीच्या चकत्या आल्या. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० कुळातील मायक्रोकंट्रोलर २.२ व्होल्टवर, सेकंदाला दहा लक्ष ठोक्यांच्या गतीने काम करताना काहीशे मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे एक मिलिवॅटहून कमी; आणि निद्रिस्त स्थितीत तर सुमारे एका मायक्रोअँपिअरवर भागवितो. मागणी शेकडो पटींनी घटली, तेव्हाच कानासाठी ठेवलेली शक्ती यंत्राला पुरेशी ठरण्याचा संभव निर्माण झाला.

मिशिगन विद्यापीठातील ये-शेंग कुओ, सोनल वर्मा, थॉमस श्मिड आणि प्रबल दत्ता यांनी २०१० मध्ये ‘हायजॅक’ या नावाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. हा प्रबंध डिसेंबर २०१० मध्ये लंडन येथे भरलेल्या विकासासाठी संगणन या विषयावरील परिषदेत वाचला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संशोधकांपुढील प्रश्न चैनीच्या खेळण्यांचा नव्हता. ज्या समाजात फोन सर्वत्र आहे पण मोजमापाची साधने दुर्मीळ आहेत, तेथे अल्पमोली संवेदक फोनला कसा जोडता येईल, हा होता.

प्रयोगाची रचना अशी. फोनच्या एका कानाच्या वाहिनीतून २२ किलोहर्ट्झ कंप्रतेचा अखंड स्वर सोडावयाचा. ही संख्या यदृच्छेने आलेली नाही. अंकीय ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच कंप्रता उभी करता येते. म्हणून २२ किलोहर्ट्झ ही फोनच्या आवाक्यातील जवळजवळ अखेरची मर्यादा होय. हा स्वर मनुष्याला ऐकू येत नाही हा एक लाभ. आणि दुसरा असा की, कंप्रता जितकी अधिक तितके रोहित्र लहान चालते. घरच्या विजेच्या ५० हर्ट्झशी तुलना करता ही कंप्रता ४४० पट आहे. त्यामुळे नखाएवढे रोहित्र पुरेसे झाले.

रोहित्राची गरज कशासाठी, हे समजण्यास क्रिस्टल-सेटकडे पुन्हा पाहिले पाहिजे. सिलिकॉनच्या साध्या डायोडमधून प्रवाह वाहू लागण्यास ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. शॉटकी प्रकारात ते कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत. हेडफोनचा दाबच मुळात इतका अल्प की, डायोडचा उंबरठा ओलांडताना त्याची बहुतेक मिळकत संपून जाते. यासाठी प्रथम रोहित्राने दाब वाढवावयाचा, नंतर डायोडच्या ऐवजी क्षेत्रपरिणामी ट्रान्झिस्टरांच्या जुळणीने एकदिशीकरण करावयाचे, मग धारित्रात साठवून व नियमन करून तो मायक्रोकंट्रोलरला द्यावयाचा, असा क्रम ठरला. दुसऱ्या कानाच्या वाहिनीतून आज्ञा जात आणि मायक्रोफोनच्या तारेने उत्तर येई.

योग्य भार जोडला असता एका वाहिनीतून १५.८ मिलिवॅट शक्ती उपलब्ध होत होती, तीपैकी ७.४ मिलिवॅट, म्हणजे ४७ टक्के, प्रत्यक्ष उपयोगास आली. शक्ती काढणाऱ्या घटकांची किंमत, दहा हजार नगांच्या खरेदीत, सव्वादोन डॉलरांहून किंचित अधिक होती. माहितीच्या वहनाचा वेग सेकंदाला सुमारे ८.८ किलोबिट होता. ८०५१ च्या मूळ आवृत्तीला कमाल जेवढी शक्ती लागे, तिच्या सुमारे ऐंशीव्या भागात येथे मायक्रोकंट्रोलर, संवेदक व संदेशवहन यांचा निर्वाह झाला.

या रीतीतही अडचण होती. निरनिराळ्या फोनांच्या हेडफोन-वाहिन्या सारख्या दाबाच्या नव्हत्या. शिवाय आवाज कमी केला की वीजही कमी होई. म्हणून सोनल वर्मा, अँड्र्यू रॉबिन्सन व प्रबल दत्ता यांनी २०१२ मध्ये ‘ऑडिओडॅक’ नावाची दुसरी रीत मांडली. तीत स्वर सोडण्याची आवश्यकता नव्हती. मायक्रोफोनच्या तारेवरचा एकदिश दाबच वीज म्हणून वापरला गेला. दोन व्होल्ट व २,२०० ओहम धरल्यास या तारेतून जास्तीत जास्त सुमारे ०.४५ मिलिवॅट निघतात, म्हणजे पहिल्या रीतीच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास. परंतु ती एकदिश असल्याने रोहित्र व एकदिशीकरण दोन्ही टळतात. संवेदकाचा संदेश ध्वनी म्हणून फोनमध्ये मुद्रित करावयाचा व त्याचे पृथक्करण मागाहून करावयाचे, अशी ही योजना असल्याने साध्या बटणांच्या फोनवरही ती चालण्याजोगी होती. हृदयाच्या विद्युत्आलेखाचे उदाहरण संशोधकांनी त्यासाठी दिले.

६. भारतातील उपयोग आणि मुक्त छिद्राची मर्यादा

प्रयोगशाळेबाहेर हे छिद्र प्रथम पैशाच्या व्यवहारात उपयोगी पडले. अमेरिकेतील स्क्वेअर कंपनीने २०१० मध्ये हेडफोनच्या जॅकमध्ये बसणारा कार्डवाचक आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बॅटरी नव्हती. कार्डावरील चुंबकीय पट्टी चुंबकीय शीर्षासमोरून सरकली की उत्पन्न होणारा अल्प संकेत मायक्रोफोनच्या तारेने फोनमध्ये जाई. भारतात मुंबईची एमस्वाइप व बंगळूरची इझीटॅप या दोन्ही २०११ मध्ये स्थापन झालेल्या कंपन्यांनी हाच मार्ग निवडला. किराणा दुकानदार, घरपोच माल देणारा मुलगा किंवा रिक्षावाला यांना बँकेचे महागडे यंत्र परवडण्याजोगे नव्हते. परंतु फोन त्यांच्याजवळ होता आणि प्रत्येक फोनला छिद्र होते. पुढे दिल्लीच्या बीटओ या उपक्रमाने मधुमेही रुग्णांसाठी जॅकमध्ये बसणारे रक्तशर्करामापक आणले.

या उपकरणांच्या निर्मात्यांना फोन बनविणाऱ्यांकडे अनुमती मागावी लागली नाही, ही गोष्ट निर्णायक ठरली. ॲपलच्या फोनचे मुख्य छिद्र वापरावयाचे तर त्या कंपनीचा परवाना लागे. २०१२ च्या लाइटनिंग जोडणीत तर परवाना तपासणारी चकतीच बसविली होती. हेडफोनचे छिद्र मात्र कोणाचेच नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या दूरध्वनी-फळीवरून आलेली ती वहिवाट होती आणि वहिवाटीच्या रस्त्याला नाका नसतो. मुंबईच्या दूरध्वनी-ग्राहकाला आपल्या तारेवर जो हक्क एक शतकभर मिळाला नाही, तो फोनच्या धारकाला या छिद्राने न मागता दिला.

परंतु हा पक्ष एकांगी मांडणे युक्त होणार नाही. रस्त्याला नाका नसला की त्यावरून कोणीही येऊ शकतो. मार्च २०११ मध्ये व्हेरिफोन या प्रतिस्पर्धी कंपनीने स्क्वेअरच्या वाचकातून कार्डाची माहिती सांकेतिक रूपाशिवाय जाते, असा जाहीर आक्षेप घेतला. आक्षेपामागे व्यापारी स्पर्धा असली तरी तो निराधार नव्हता. आणि सांकेतिकीकरण वाचकातच करावयाचे म्हटल्यास त्यात मायक्रोकंट्रोलर हवा, व मायक्रोकंट्रोलरला वीज हवी. भारतात रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातील डेबिट कार्डाच्या व्यवहारास पिन आवश्यक झाला. पिन टंकण्यासाठी सुरक्षित बटणे व पडदा असलेले यंत्र लागे, आणि त्यांची भूक काही मिलिवॅटांत भागत नसे. अशा यंत्रात स्वतःची बॅटरी आली, आणि बॅटरी आल्यावर ब्लूटूथने बोलणे अधिक सोयीचे ठरले. या ठिकाणी मुक्त छिद्र मागे पडले ते कोणाच्या मत्सरामुळे नव्हे. जनतेच्या पैशाच्या रक्षणासाठी लागणारी शक्ती त्यात नव्हती, म्हणून.

छिद्राच्या अंतर्गत विसंगतीचाही येथे निर्देश केला पाहिजे. चार कड्यांपैकी सामाईक तार व मायक्रोफोन यांचा क्रम सर्व फोनांत सारखा नव्हता; ओएमटीपी व सीटीआयए या नावांच्या दोन पद्धती परस्परविरुद्ध होत्या. एका फोनवर चालणारे उपकरण दुसऱ्यावर मुके राही. सर्वांचे म्हणून मानले गेलेले छिद्र प्रत्यक्षात पूर्णतः सर्वांचे नव्हते. ज्याचा कोणी धनी नाही, त्याच्या प्रमाणीकरणाची जबाबदारीही कोणी निष्ठेने घेत नाही, हा त्याचा अर्थ.

७. छिद्र बंद होते तेव्हा

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आपल्या आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला. त्यानंतर अन्य महागड्या फोनांतही हळूहळू तसेच घडले. भारतात बदल मंदगतीने झाला. स्वस्त फोनांत जॅक पुढेही टिकला आणि २०१७ च्या जिओफोनमध्येही तो होता. जॅक गेल्याचे वृत्त जगाने संगीताच्या श्रोत्याची गैरसोय म्हणून वाचले. त्यातून वीज घेणाऱ्यांचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला.

या संक्रमणात तांत्रिक हानी झाली असे म्हणता येत नाही. २०१० मध्ये आलेल्या अल्पशक्ती ब्लूटूथमुळे नाण्याएवढ्या घटावर संवेदक कित्येक महिने चालू शकतो. यूएसबी छिद्रातून पाच व्होल्टच्या दाबाने मिळणारी शक्ती तर हेडफोनच्या मानाने प्रचंड आहे. तीन व्होल्टच्या सीआर२०३२ घटात सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास साठा असतो. ७.४ मिलिवॅटचा अखंड भार त्यावर टाकला, तर हिशेबाने तो सुमारे ९१ तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आत संपेल. परंतु निद्रा घेत घेत काम करणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला तोच घट दीर्घकाळ पुरतो. मात्र घट संपला की तो विकत घ्यावा लागतो, बदलावा लागतो आणि टाकावा लागतो. दूरध्वनीच्या इतिहासात ग्राहकाच्या घरचे घट जाऊन केंद्राची बॅटरी आली होती. येथे उलट प्रवास घडला. फोनच्या एका बॅटरीवर चालणारी उपकरणे पुन्हा आपापल्या घटांकडे वळली.

बदलले ते प्रवेशाचे स्वरूप. बिनतारी जोडणीत फोनच्या प्रणालीची अनुमती पदोपदी लागते आणि ती अनुमती देण्याघेण्याचे नियम प्रणालीचा निर्माता ठरवितो. हेडफोनच्या छिद्राला अशी प्रश्नोत्तरे ठाऊक नव्हती. विद्यार्थ्याने दोन धारित्रे, एक रोहित्र व एक मायक्रोकंट्रोलर जोडून फोनमधून स्वर वाजविला, की फोनच्या निर्मात्याला नकळत त्याचे यंत्र जागे होई.

८. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हेडफोनच्या जॅकमधून वीज घेणे ही एकाकी युक्ती नव्हती. मध्यवर्ती बॅटरीच्या दूरध्वनीतून आलेले सामाईक तारेचे तत्त्व आणि क्रिस्टल-सेटमधून आलेले एकदिशीकरणाचे तत्त्व या दोहोंचा तो संगम होता. दुसरी अशी की, या संगमाला अवसर मिळाला तो मायक्रोकंट्रोलरची गरज एका मिलिवॅटखाली आल्यामुळे. शक्ती वाढविण्यापेक्षा भूक घटविणे हा विद्युत्शास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातील तितकाच मोठा पराक्रम आहे. तिसरी आणि अधिक महत्त्वाची अशी की, या विजेचे ऐतिहासिक मूल्य तिच्या परिमाणात शोधू नये. ७.४ मिलिवॅटने कोणाचे घर उजळले नाही. पण कोणाला न विचारता घेता येण्याजोगी ती वीज होती आणि तेवढ्या बळावर दुकानदाराचा व्यवहार, रुग्णाचे मापन व विद्यार्थ्याचा प्रयोग शक्य झाला.

सार्वजनिक सुरक्षिततेसाठी नियमनाची आवश्यकता असते, हे कार्डवाचकांच्या प्रकरणाने दाखविले. नियमनाच्या नावाने प्रत्येक छिद्र परवान्याखाली गेल्यास सामान्य प्रयोगकर्त्याला यंत्राच्या आत जाण्याची वाट उरत नाही, हे जॅकच्या अस्तंगत होण्याने दाखविले. या दोहोंमध्ये तोल कसा राखावा, याचे उत्तर विद्युत्शास्त्रात सापडणार नाही. ते धोरणाच्या व कायद्याच्या क्षेत्रात शोधावे लागेल. माणच्या शिवारात बसून गाडीच्या नियंत्रकाचे मायक्रोअँपिअर मोजणाऱ्या अभियंत्याच्या कामातही हा प्रश्न आहे. कारण गाडीतील मायक्रोकंट्रोलरशी संभाषण करण्याचा अधिकार गाडी विकत घेणाऱ्याला किती आणि गावातल्या गॅरेजवाल्याला किती, हे त्याने रचलेल्या प्रणालीतच निश्चित होत असते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी वीज कोणाची, असे विचारले होते. तो प्रश्न त्याच तालुक्यात आता मिलिवॅटांच्या भाषेत विचारला जाणे क्रमप्राप्त आहे.